मूर्ती क्रमांक सत्तावीसच्या सह्या

मंगळवारी सकाळी दहाच्या सुमारास पेणच्या आपल्या गणपतीच्या कारखान्यात गुणाजीने दोन्ही हात साबण लावून तीन वेळा धुतले, पंचाला पुसून कोरडे केले आणि चष्मा चढवून तो मोबाईलसमोर अशा गांभीर्याने बसला, की समोर मुलगी पाहायला आलेली मंडळीच बसली असावीत. चतुर्थी बारा दिवसांवर आली होती. भोवताली शाडूच्या दीडशे मूर्ती कुणी रंगाची, कुणी मुकुटाची, तर कुणी डोळ्यांची वाट पाहत मांडणीवर बसल्या होत्या. त्या सर्वांना तिष्ठत ठेवून गुणाजी आज सही करण्याचा सराव करणार होता.

"अवो, सहीचा कसला सराव?" त्याची बायको सरू मातीचा गोळा मळता मळता म्हणाली. "सातवीपर्यंत शिकलाव ना?"

"ही तशी सही नाय गो," गुणाजी म्हणाला. "ही चुकली तर खोडता येत नाय."

या सहीमागे गतवर्षीचे एक दुःख होते. रोह्याच्या रंभाबाईंकडे सव्वीस वर्षे गुणाजीच्या हातची मूर्ती जात असे. रंभाबाईंचे वय पाहता त्यांना नदीवर जाणे झेपत नसल्यामुळे दीड दिवसांनी अंगणातल्या पिंपातच विसर्जन होई, आणि शाडूची मूर्ती रात्रभरात विरघळून जाई. गतवर्षीची विरघळली नाही. दुसऱ्या दिवशी रंग गेला, तिसऱ्या दिवशी दागिने गेले, परंतु मूर्ती प्रसन्न मुद्रेने पाण्यात बसूनच राहिली. देव घरातून गेलेलाच नाही म्हटल्यावर रंभाबाईंना आरती थांबवता येईना, आणि आरतीमागून नैवेद्य ओघानेच आला. अशा रीतीने दीड दिवसाचा पाहुणा एकेचाळीस दिवस राहिला, आणि तेवढे दिवस त्या घरात मासळीचा काटाही आला नाही. रंभाबाईंच्या मुलाचे वजन त्या अवधीत चार किलोंनी घटले.

ती मूर्ती प्लास्टरची होती. एका गिऱ्हाइकाने हलक्या मूर्तीचा हट्ट धरला म्हणून गुणाजीने ती एकच मूर्ती बाहेरून आणली होती, आणि टेंपोत भरताना दोन मूर्तींची अदलाबदल झाली. त्या हट्टी गिऱ्हाइकाची मूर्ती रात्रभरात विरघळली, तेव्हा त्याने मुद्दाम फोन करून प्लास्टरची प्रशंसा केली. रंभाबाईंनीही फोन केला होता.

"गुणाजी," त्या म्हणाल्या होत्या, "सव्वीस वर्षं तुझ्या शब्दावर मूर्ती घेतली. पुढल्या वर्सी शब्द नको, पुरावा आण. नायतर मी दुसरीकडं बघते."

त्या दिवसापासून गुणाजीच्या घशाखाली मोदक उतरत नसे. सव्वीस वर्षांचे एक घर तुटले, तर तो उद्या कुणाच्या डोळ्यांना डोळा देणार होता? म्हणूनच आळीतल्या जित्याचा मुलगा निलेश, जो पुण्यात एका कंपनीत संगणकाचे काम करी, 'साक्षीवही' नावाचा प्रकार घेऊन आला, तेव्हा सर्वांआधी गुणाजीने त्यात नाव घातले. त्याच्यामागून रघू, आदेश आणि मालूताई हे शेजारचे तीन कारखानदार आले.

साक्षीवहीची रचना निलेशने त्यांना चहा पिता पिता समजावून सांगितली होती. वही एक, परंतु तिच्या चार प्रती चौघांच्या मोबाईलमध्ये. प्रत्येक मूर्तीला क्रमांक. माती, रंग, डोळे, मालकी, जे काही घडेल त्याची नोंद करणाऱ्याने आपल्या गुप्त किल्लीने सही करायची. ती सही दुसऱ्या कुणालाही करता येत नाही, परंतु ती खरी की खोटी हे चारही मोबाईलना तपासता येते. सही खरी ठरली, की उरलेल्या तिघांसमोर दोन खुणा येतात, 'मान्य' आणि 'अमान्य'. तिघांनी मान्य केले तरच नोंद लागू होते. आणि एकदा चढलेली नोंद, मग ती मान्य झालेली असो वा नाकारलेली, देवालाही पुसता येत नाही.

"याचा अर्थ असा काका," निलेशने समारोप केला होता, "की एकमेकांवर विश्वास नसला तरी काम चालतं."

"मग चौघांनी एका किटलीतला चहा कशाला प्यायचा?" गुणाजीने विचारले होते.

तर आता सराव. आतापर्यंतच्या सह्या त्याने निलेशला शेजारी बसवून केल्या होत्या, ही पहिलीच एकट्याने करायची होती. मूर्ती कुणाला तरी दिल्याची नोंद करून पाहावी असे गुणाजीने योजले. त्याने पाचशे हा आकडा टाकला. वहीने कळवले, अशी मूर्ती नाही. बारा टाकला. वहीने कळवले, मूर्ती अपूर्ण आहे. मग डोळ्यांची आखणी पूर्ण झालेली एकमेव मूर्ती होती तिचा क्रमांक त्याने टाकला, सत्तावीस, आणि वही एकदम प्रसन्न झाली. ही सत्तावीस क्रमांकाची मूर्ती रंभाबाईंचीच होती, परंतु सरावात काय बिघडते? कुणाला द्यायची, या प्रश्नापुढे वहीतली नावे आली. त्यात कोलाडचा हिरामण होता. तो सरूचा भाऊ, टेंपोवाला, आणि मूर्तींची ने-आण करतो म्हणून निलेशने त्याचेही खाते काढले होते. घरचेच माणूस बरे, असा विचार करून गुणाजीने ते नाव निवडले, शेऱ्याच्या जागी 'केवळ सरावाकरिता' असे टंकित केले आणि अंगठा टेकवला.

येथपर्यंत फारसे काही बिघडले नव्हते. तिघांपैकी एकानेही अमान्य केले असते, तर प्रकरण तिथेच मिटले असते. परंतु गुणाजी त्या आळीतला सर्वांत वडील कारखानदार. वडील माणसाने काही पुढे केले आणि आपण त्यावर 'अमान्य' दाबले, हे त्या आळीत कुणाच्या सात पिढ्यांत घडलेले नव्हते. रघूने मजकूर न वाचताच आदराने मान्य केले. आदेशने 'गुणाजीकाका' एवढे वाचले आणि मान्य केले. मालूताईंचे दोन्ही हात मातीत होते, त्यांनी नाकाच्या शेंड्याने मान्य केले. अर्ध्या मिनिटात वहीने निर्णय दिला, की मूर्ती क्रमांक सत्तावीस ही हिरामण यांच्या मालकीची झाली आहे, आणि तोच संदेश, शेरा वगळून, हिरामणच्या मोबाईलवरही गेला.

गुणाजी समाधानाने उठला. सराव उत्तम झाला होता. आता पुसून टाकायचे, म्हणून तो पुसण्याची खूण शोधू लागला, आणि तासभर शोधल्यावर त्याला 'देवालाही पुसता येत नाही' हे निलेशचे वाक्य आठवले.

तो खुर्चीत पुन्हा बसतो न बसतो तोच सरूचा फोन वाजला. पलीकडे तिची भावजय कृष्णाबाई होती आणि ती हुंदके देत होती. तिचे म्हणणे सरूला तीन वेळा ऐकल्यावर समजले. हिरामणच्या घरी स्वतःचा गणपती कधीच नव्हता, चतुर्थीला ती दोघे थोरल्या भावाच्या घरी जात. आणि आज दाजींनी, ज्या दाजींनी तीस वर्षांत चहापलीकडे काही दिले नव्हते त्या दाजींनी, आपल्या हातचा देव पाठवला होता. हिरामणने भिंतीला चुना काढायला घेतला होता. मखर सांगून झाले होते.

सरूने फोन ठेवला आणि नवऱ्याकडे पाहिले.

"माझ्या भावाला देव दिलाव," ती म्हणाली. "आता रोह्याच्या काकींना काय देनार? पिंप?"

गुणाजीने निलेशला फोन लावला. निलेशने सर्व ऐकून घेतले आणि सांगितले, की पुसण्याचा मार्ग नाही, परंतु उलटी नोंद करता येईल. हिरामणमामांनी स्वतःच्या किल्लीने सही करून मूर्ती परत द्यायची आणि तिघांनी ती मान्य करायची, एवढेच. मग त्याने चौघांच्या ग्रुपवर एक कडक संदेश टाकला, की कुणीही न वाचता मान्य करू नये, वहीचा सगळा जीव तपासण्यात आहे, आणि किंचितही शंका आली तर अमान्य दाबावे. तो संदेश तिघांनीही वाचला आणि मनाला लावून घेतला. याचे परिणाम पुढे यायचे होते.

दुसऱ्या दिवशी गुणाजी सकाळच्या एसटीने कोलाडला गेला. वाटभर त्याने बोलायची वाक्ये जुळवली. परंतु दारातच कृष्णाबाईने त्याच्या पायांवर पाणी घातले, हिरामणने त्याला पाटावर बसवले, आणि समोरच्या भिंतीवर चुन्याचा ओला पांढरा चौकोन मखराची वाट पाहत चमकत होता. वालाचे बिरडे आणि तांदळाची भाकरी पुढे आली. पहिली भाकरी संपेपर्यंत सांगणे त्याला उचित वाटले नाही, आणि दुसरी संपेपर्यंत धीर झाला नाही. तिसरी आली तेव्हा पोटात जागा उरली नव्हती, म्हणून त्याने तोंड उघडले आणि खाली मान घालून सगळे सांगून टाकले.

हिरामण बराच वेळ त्या पांढऱ्या चौकोनाकडे पाहत राहिला.

"म्हंजे दाजी," तो शेवटी म्हणाला, "सराव चांगला झाला तुमचा."

याहून एखादी शिवी हासडली असती तर गुणाजीला सोसवले असते. तो पाटावरून उठला आणि त्याने तिथल्या तिथे हिरामणला मूर्ती क्रमांक एकतीस देऊ केली. ती सराव म्हणून नव्हती, डोळे तो स्वतःच्या हाताने आखणार होता, आणि रविवारी घरात आणून ठेवणार होता. कृष्णाबाईने स्वयंपाकघरातून विचारले, की एकतीस सत्तावीसपेक्षा मोठी असते ना. असते, असे गुणाजीने छातीवर हात ठेवून सांगितले, आणि घरात पुन्हा हसू आले.

आता केवळ हिरामणने सही करायची राहिली होती. ती करता येईना. आदल्या दिवशी आनंदाच्या भरात हिरामणने हमरस्त्यावरच्या हॉटेलात तो संदेश सगळ्यांना दाखवला होता, आणि देवाचा संदेश म्हणून प्रत्येकाने श्रद्धेने त्यावर बोट टेकवले होते. इतकी परकी बोटे लागलेली पाहून साक्षीवहीने खाते बंद करून टाकले होते. ते उघडायचे तर गुप्त किल्लीचे बारा शब्द, ठरलेल्या क्रमाने, भरावे लागणार होते.

"शब्द कुठं हायत?" गुणाजीने विचारले.

"कागदावर लिवायचे नाय, डोक्यात ठेवायचे, असं निलेशनं सांगितलंय," हिरामण म्हणाला. "माझ्या डोक्यात ऱ्हात नाय म्हनून हिच्या डोक्यात ठेवले."

कृष्णाबाईच्या डोक्यातही ते सुटे राहत नव्हते. तेव्हा त्या बाईने त्यांचे गौरीचे गाणे रचले होते आणि ते भाकरी थापताना म्हणून म्हणून पाठ केले होते:

कासव बसलं पायरीवरी, तांदूळ भरले होडीवरी,
पितळ वाजे वाऱ्यावरी, चिंच बांधली दोरीवरी,
मोर नाचला घागरीवरी, सावली पडली मिठावरी.

गाणे तिने इतक्या गोड गळ्याने म्हटले, की गुणाजी क्षणभर संकट विसरला. हिरामणने बारा शब्द भरले. वहीने नाकारले. कृष्णाबाई गोंधळून गेली. खरी गोष्ट अशी होती, की गाणे शेजारणींना आवडले होते, महिनाभर आळीतल्या चौदा जणी त्यावर फुगडीचा सराव करत होत्या, आणि गिरक्या घेण्याच्या सोयीने त्यांनी ओळी वरखाली केल्या होत्या. मूळ क्रम कोणता, हे आता रचणारीलाही सांगता येईना.

शेजारच्या शांतीला बोलावले. तिच्यामागोमाग आणखी सहा जणी आपण होऊन आल्या. शांतीच्या मते मोर पहिला होता. दुसरीच्या मते चिंचेशिवाय सुरुवात होणेच शक्य नव्हते. वहीने एकंदर पाच चुका माफ करायच्या ठरवल्या होत्या आणि त्यातल्या चार पाहता पाहता संपल्या.

"बसून आठवत नाय गो," शांती म्हणाली. "पयल्या दिवशी घातली तशी फुगडी घातली की मूळचं तोंडात येतं."

तेव्हा पाट बाजूला झाला. कृष्णाबाई आणि शांती यांनी हात धरून फेर धरला, बाकीच्यांनी टाळ्या धरल्या, आणि ओल्या चुन्याच्या भिंतीसमोर संगणकशास्त्राची ती गुप्त किल्ली खणखणीत सुरात गिरक्या घेऊ लागली. पितळ प्रथम, मग चिंच, मग कासव, मग मोर, मग तांदूळ, शेवटी सावली. हिरामणने एकेक शब्द भरला. खाते उघडले. बायकांनी फुगडी थांबवली नाही.

गुणाजी प्रामाणिक माणूस. त्याने अंगणात जाऊन निलेशला फोन केला आणि विचारले, की एक किल्ली साधारण किती जणींना पाठ असलेली चालते.

"एकाला काका. फक्त एकाला."

"हितं चौदा जणींना हाय. चालीसकट."

पुण्यात खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला. मग निलेशने सांगितले, की जुन्या किल्लीने केवळ किल्ली बदलल्याची शेवटची सही करून ताबडतोब नवी किल्ली घ्यावी आणि नवे बारा शब्द कुणालाही ऐकू येऊ देऊ नयेत. तसे केले. हिरामण नवे शब्द पाठ करायला टेंपोत काचा लावून बसला, आणि बायका काचेवर टकटक करून नवीन गाणे कधी येणार, ते विचारू लागल्या.

नव्या किल्लीने हिरामणने मूर्ती क्रमांक सत्तावीस गुणाजीला परत दिल्याची सही केली. गुणाजी समाधानाने एसटीत बसला. पेणला उतरून त्याने मोबाईल पाहिला, तो पडद्यावर तीन लाल खुणा होत्या. रघू, अमान्य. आदेश, अमान्य. मालूताई, अमान्य.

आयुष्यात प्रथमच त्या आळीने गुणाजीला नाही म्हटले होते, आणि तेही तिघांनी एकजुटीने. तो पिशवीसह तसाच मालूताईंच्या कारखान्यात गेला. मालूताई नवरा गेल्यापासून एकट्याने कारखाना चालवत होत्या आणि उगाच बोलायची त्यांना सवय नव्हती.

"मालू, माझ्या नोंदीला अमान्य?"

"बसा, चहा घ्या," मालूताई म्हणाल्या. "टेंपोवाला कारखानदाराला मूर्ती देतो, असं कधी असतंय? मूर्ती हितनं जाते, टेंपोनं परत येत नाय. निलेशनं सांगितलं, शंका आली तर अमान्य दाबा. मला शंका आली."

"अगो, ती मूर्ती मांडणीवरनं हललीच नाय. सराव व्हता."

"गेल्या वर्सी टेंपोतच अदलाबदल झालीवती ना? मग मी बघितल्याशिवाय कशी मान्य करू?"

गुणाजीने बशी तोंडाला लावली. चहा मात्र त्याला नेहमीपेक्षा कडू लागला. ज्या पोरीला त्याने स्वतः साचा धरायला शिकवले, तीच आज त्याची माती तपासणार होती. परंतु रविवारी काकींना तोंड दाखवायचे होते, आणि या तिघांच्या होकारावाचून मूर्ती दाराबाहेर पडणार नव्हती.

गुरुवारी तिघेही गुणाजीच्या कारखान्यात आले. मूर्ती पाटासकट खाली घेतली. रघूने ती दोन्ही हातांनी उचलून वजनाचा अंदाज घेतला आणि पाठीत लचक भरली तेव्हा समाधानाने मान हलवली, कारण प्लास्टर एवढे जड नसते. आदेशने बॅटरी लावून बैठकीच्या खालची पोकळी पाहिली. मालूताईंनी पोकळीत हात घालून कच्ची माती नखाने खरवडली, तळहातावर घेतली, पाण्याचा थेंब टाकून चोळली आणि ती विरघळताना गुणाजीला दाखवली. गुणाजी आयुष्यभर शाडूत बसला होता, परंतु त्या चिमूटभर चिखलाकडे त्याने ज्या डोळ्यांनी पाहिले, त्या डोळ्यांनी त्याने स्वतःच्या लग्नात अंतरपाटाकडेही पाहिले नसेल.

हिरामणने कोलाडहून पुन्हा सही केली, आणि यावेळी तिघांनी मान्य केले. मालूताईंनी शेऱ्यात लिहिले, 'आतून हात घालून पाहिले. शाडू आहे.' मूर्ती गुणाजीची झाली. शुक्रवारी तिघांच्याच संमतीने तीच मूर्ती रंभाबाईंच्या नावावर चढली, आणि गुणाजीने सरूला सगळी नोंद अभिमानाने वाचून दाखवली.

सरूने शांतपणे ऐकले आणि एकच प्रश्न विचारला. "हे सगळं काकींना दिसनार?"

दिसणार होते. मूर्तीच्या पाटाखाली चौकोनी छाप चिकटवलेला होता. मोबाईल त्यावर धरला, की जन्मापासूनचा इतिहास पडद्यावर येई. त्यात आता काय काय येणार, याची गुणाजीने प्रथमच उजळणी केली. हिरामणला दिली. खाते बंद पडले. किल्ली बदलली. परत दिली, तिघांनी नाकारली. पुन्हा परत दिली.

"काकींनी पुरावा मागितलावता," सरू म्हणाली. "तुम्ही चोरीचा माल पकडल्यागत पंचनामा घेऊन चाललाव. दुसऱ्याच्या नावावर होऊन आलेला देव कोन घरात घेईल?"

शनिवारी गुणाजीला जेवण गेले नाही. छाप काढून टाकावा, असा विचार त्याच्या मनात एकदा येऊन गेला. त्याने नखाने एक कोपरा उचललाही. मग त्याला पिंपात बसलेली ती प्रसन्न मूर्ती आठवली आणि त्याने कोपरा पुन्हा घट्ट दाबून बसवला.

रविवारी हिरामणच्या टेंपोत क्रमांक सत्तावीस आणि क्रमांक एकतीस शेजारी शेजारी बसून निघाल्या. एकतीसवर हिरामणने स्वतःची शाल पांघरली होती. रोह्यात रंभाबाईंच्या दारात टेंपो थांबला. रंभाबाई ओट्यावर खुर्ची टाकून बसल्या होत्या. त्यांचा मुलगा दाराआडून पाहत होता, आणि यंदा घरात मासळी कधी येणार, हे या मूर्तीवर ठरणार असल्यामुळे त्याच्या चेहऱ्यावर विलक्षण उत्कंठा होती. सून भूमिका मोबाईल घेऊन पुढे आली. तिने छापावर मोबाईल धरला आणि सासूला ऐकू जावे म्हणून मोठ्याने वाचू लागली.

माती, रंग, डोळे येथपर्यंत रंभाबाई मान डोलावत होत्या. "हिरामण यांना दिली," असे आले तेव्हा त्यांची मान थांबली. हिरामण टेंपोच्या मागे गेला. "खाते बंद. नवीन किल्ली. परत दिली. रघू, अमान्य. आदेश, अमान्य. मालू, अमान्य."

"थांब," रंभाबाई म्हणाल्या.

गुणाजीने हात जोडले. सांगायचे ठरवलेले सगळे तो विसरला होता. जे आठवले ते त्याने सांगितले, की चूक त्याची एकट्याची आहे, सराव करायला गेला आणि देव देऊन बसला, आणि काकींना मूर्ती नको असेल तर तो उचलून परत नेईल.

रंभाबाईंचे त्याच्याकडे लक्ष नव्हते. "ही मालू कोन?" त्यांनी विचारले.

"माझ्या शेजारची, काकी. तिचा पन कारखाना हाय."

"तिनं नाय का म्हटलं?"

"शंका आली तिला. म्हनाली, बघितल्याशिवाय सही नाय करनार."

"तुझ्या तोंडावर नाय म्हनाली?"

"व्हय."

"मग?"

"मग तिघं आले. उचलून बघितली, आत हात घातला, माती पान्यात विरघळवून बघितली. तवा व्हय म्हनाले." गुणाजीने मोबाईलकडे बोट दाखवले. "पुढं लिवलंय सगळं."

भूमिकेने पुढचे वाचले. "आतून हात घालून पाहिले. शाडू आहे."

"सव्वीस वर्षं," रंभाबाई म्हणाल्या, "तू मूर्ती आनायचास आन् सगळे व्हय व्हय म्हनायचे. मी पन म्हनायची. गेल्या वर्सी एकानं जरी नाय म्हटलं असतं ना गुणाजी, तर माझ्या पोराची हाडं नसती दिसली." त्या खुर्चीतून उठल्या. "भूमिका, ताम्हण आण गो. देवाला आत घेऊ."

दाराआडून सुटलेला निःश्वास रस्त्यापर्यंत ऐकू आला.

टेंपो परतीच्या वाटेला लागला. गुणाजीच्या मांडीवर रंभाबाईंनी दिलेले लाडू होते आणि त्यातला तिसरा तो खात होता. कोलाड जवळ आले तसा हिरामणने घसा खाकरला.

"दाजी, माझी एकतीस नंबर. तिला कुनी नाय म्हटलंय काय?"

"तिला कशाला कोन नाय म्हनेल? तिघांनी लगेच मान्य केली."

"बघितल्याशिवाय?"

गुणाजीचा लाडू हातात राहिला. हिरामणने टेंपो बाजूला घेतला. तेथूनच त्याने मालूताईंना फोन लावला आणि अतिशय नम्रपणे विनंती केली, की आपल्याही देवाला एकदा नाही म्हणावे. नोंद पुन्हा पाठवली गेली. तिघांनी नाकारली. मग संध्याकाळी तिघेही रघूच्या मोटरसायकलवर बसून कोलाडला आले, चुन्याच्या भिंतीसमोर त्यांनी एकतीस क्रमांकाच्या पोकळीत हात घातला, माती चोळली आणि होकार दिला. कृष्णाबाईने तिघांनाही बिरडे वाढले.

रंभाबाईंच्या ओट्यावरची हकिकत रोह्यात दुसऱ्या दिवशीच पसरली आणि तिसऱ्या दिवशी पेणला पोहोचली. रघूचे एक गिऱ्हाईक ठरलेली मूर्ती न्यायला आले, मोबाईलवरचा इतिहास त्याने खालवर पाहिला आणि खिन्नपणे विचारले, की आमच्या मूर्तीला कुणीच कसे नाही म्हणाले नाही. आदेशकडे दोघे आले, तेही हेच विचारत. चतुर्थीच्या आदल्या दिवसापर्यंत चौघे कारखानदार सकाळ-संध्याकाळ एकमेकांच्या कारखान्यांत हात घालत फिरत होते. आधी अमान्य, मग वजन, मग बॅटरी, मग माती, मग मान्य. गुणाजीने मालूताईंची एक मूर्ती नाकारली तेव्हा त्याला खरोखरच बैठकीत एक तडा सापडला. मालूताईंनी ती मूर्ती बाजूला ठेवली आणि त्याला जास्त साखरेचा चहा दिला.

चतुर्थीच्या सकाळी निलेशचा पुण्याहून घाईघाईचा फोन आला.

"काका, वहीत काही बिघाड झालाय का? शंभरावर मूर्ती आहेत, आणि प्रत्येकीला आधी तिघांचं अमान्य, मग तिघांचं मान्य. एकही सरळ नाही. कुणी खाती चोरली का तुमची?"

"बिघाड नाय रे," गुणाजी म्हणाला. समोर त्याच्या घरातला गणपती नुकताच पाटावर बसला होता आणि सरू पंगतीची पाने मांडत होती. "तू पन आपल्याकडचाच ना जित्याचा? पंगतीत पहिल्या वाढपाला मानूस लगेच व्हय म्हनतो काय? आधी नको म्हनतो. वाढनारा आग्रह करतो. मग पान पुढं सरकवतो. आमी फक्त तेवढंच वहीत आनलंय."

निलेशने ते लिहून घेतले. मग त्याने विचारले, की अशी पद्धत आपण साक्षीवहीत कायमचीच घालू का, म्हणजे पुढच्या वर्षी बाकीच्या गावांनाही देता येईल. त्याने ती सूचना रीतसर सही करून चौघांच्या वहीत पाठवूनही दिली.

गुणाजीने हात धुतले, चष्मा चढवला, सूचना अथपासून इतिपर्यंत वाचली, ती त्याला अतिशय आवडली, आणि त्याने अमान्य दाबले.